तिसऱ्या दिवसाची कावीळ : टाळता येण्याजोग्या एका बालविकाराचा परिचय

नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा हे गाव शहादा शहरास लागून आहे. येथील शिक्षणसंस्थांमुळे तालुक्याच्या कानाकोपऱ्यातील विद्यार्थी या गावात येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि डोंगरातील पाड्यांवरील पावरा व भिल्ल कुटुंबे बाजारहाट, दवाखाना आणि रोजगार यांसाठी शहादा-लोणखेडा परिसराशी जोडलेली आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून अधिक वाटा आदिवासी समाजाचा आहे. अशा जिल्ह्यात बालआरोग्याचा विचार करताना कुपोषण, रक्तक्षय आणि सिकलसेल यांची चर्चा नेहमी होते, आणि ती आवश्यकच आहे. तथापि ज्याची चर्चा क्वचितच होते, जो तुलनेने विरळ आहे, परंतु एकदा जडल्यास आयुष्यभर सोबत राहतो, अशा एका विकाराची ओळख ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. नवजात अर्भकाच्या तीव्र काविळीमुळे मेंदूस इजा होऊन उद्भवणारा अनैच्छिक हालचालींचा विकार तो हाच. वैद्यकशास्त्रात त्यास ‘कर्निक्टेरस’ असे नाव आहे.

विकाराचे स्वरूप

या विकाराने ग्रस्त असलेले मूल हात पुढे करून वस्तू घेऊ पाहते, तेव्हा हात भलत्याच दिशेला वळतो. बोटे पसरतात, मनगट पिळवटते, मान एका बाजूस किंवा मागे खेचली जाते, तोंड वेडेवाकडे होते. मूल जितका अधिक प्रयत्न करील तितक्या या हालचाली वाढतात. भीती, आनंद, अनोळखी व्यक्तीची चाहूल यांनीही त्या वाढतात. झोप लागताच मात्र त्या बहुधा शांत होतात. हालचालींच्या या प्रकारांना ‘डिस्टोनिया’ आणि ‘अ‍ॅथेटोसिस’ अशा संज्ञा आहेत. मेंदूच्या पक्षाघाताचा, म्हणजेच सेरेब्रल पाल्सीचा, हा एक उपप्रकार मानला जातो. सेरेब्रल पाल्सीच्या अधिक आढळणाऱ्या प्रकारात स्नायू सतत ताठ राहतात. येथे मात्र स्नायूंचा ताण क्षणाक्षणाला बदलत राहतो.

मेंदूच्या खोल भागात पेशींचे काही पुंज असतात. त्यांना एकत्रितपणे ‘बेसल गँग्लिया’ म्हणतात. कोणती हालचाल होऊ द्यावयाची आणि कोणती रोखावयाची याचे नियमन करण्यात या पुंजांचा मोठा वाटा असतो. त्यांपैकी ‘ग्लोबस पॅलिडस’ नावाचा भाग आणि त्याच्याशी निगडित असलेला ‘सबथॅलॅमिक’ पुंज यांना काविळीतील पिवळे द्रव्य विशेषत्वाने अपाय करते. मेंदूच्या एमआरआय तपासणीत या दोन ठिकाणी दोन्ही बाजूंना सारखीच विकृती दिसणे हे या विकाराचे एक महत्त्वाचे लक्षण होय. श्रवणाच्या मज्जामार्गांना आणि डोळ्यांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांनाही इजा होते. त्यामुळे अशा मुलांत बहिरेपणा, नजर वर नेता न येणे आणि दुधाच्या दातांच्या आवरणातील दोष ही लक्षणेही आढळतात.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहानेस ओर्थ यांनी १८७५ मध्ये काविळीने दगावलेल्या अर्भकाच्या मेंदूतील पिवळ्या डागांचे वर्णन केले. पुढे १९०४ मध्ये श्मोर्ल यांनी त्यास ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिले. ‘कर्न’ म्हणजे पेशीपुंज आणि ‘इक्टेरस’ म्हणजे कावीळ.

कावीळ का होते

बाळ मातेच्या उदरात असताना त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण अधिक असते. जन्मानंतर या पेशी मोठ्या संख्येने नष्ट होतात. नवजाताच्या तांबड्या पेशींचे आयुष्यही प्रौढांच्या पेशींपेक्षा कमी असते. पेशी फुटल्यावर त्यांतील हिमोग्लोबिनपासून ‘बिलिरुबिन’ हे पिवळे द्रव्य तयार होते. जन्मापूर्वी ते वारेवाटे मातेच्या रक्तात जाते आणि त्याची विल्हेवाट मातेचे यकृत लावते. जन्मानंतर हे काम बाळाच्या स्वतःच्या यकृतावर येऊन पडते आणि त्या कामास ते अद्याप पुरते सिद्ध झालेले नसते. परिणामी पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बालकांत पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते आणि त्यानंतर आपोआप ओसरते.

म्हणजेच बहुतेक नवजातांची कावीळ निरुपद्रवी असते. आणि या विकाराच्या प्रतिबंधातील सर्वात मोठी अडचणही याच गोष्टीतून निर्माण होते. काविळीची माळ गळ्यात बांधली, चुन्याच्या पाण्याने कावीळ ‘उतरवली’ किंवा काहीच केले नाही, तरी दहापैकी बहुतेक बाळे बरी होतातच. श्रेय माळेला मिळते आणि पुढच्या बाळाच्या वेळी दवाखान्याऐवजी माळेवर विश्वास ठेवला जातो. ज्या थोड्या बाळांत बिलिरुबिन धोक्याच्या पातळीपलीकडे जाते, त्यांच्या बाबतीत हाच विश्वास घातक ठरतो. काही भागांत आजारी अर्भकास तापलेल्या सळईने डाग देण्याची प्रथा आहे. त्याने बिलिरुबिन तिळमात्र कमी होत नाही. उलट जखम आणि जंतुसंसर्ग यांची भर पडून बाळाचा धोका वाढतो.

कावीळ अतितीव्र होण्याची काही कारणे निश्चित सांगता येतात. आईचा रक्तगट आरएच-निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास, अथवा आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ असल्यास, आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात. ‘जी-६-पीडी’ या विकराची आनुवंशिक कमतरता हे दुसरे कारण होय. हा दोष मुख्यत्वे मुलग्यांत प्रकट होतो आणि भारतातील अनेक समाजांत, तसेच आदिवासी जमातींतही आढळतो. अशा बाळाच्या कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वाससुद्धा रक्तपेशी फुटण्यास निमित्त होऊ शकतो. म्हणून पेटीतून काढलेले कपडे नवजातास धुऊन, उन्हात वाळवूनच घालावेत आणि बाळंतिणीच्या खोलीत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, प्रसूतीच्या वेळी डोक्यावर आलेली रक्ताची गाठ आणि पहिल्या दिवसांत बाळाला पुरेसे दूध न मिळणे यांमुळेही कावीळ वाढते. सिकलसेल हा विकार याहून निराळा आहे. त्याची लक्षणे बहुधा जन्मानंतर काही महिन्यांनी दिसू लागतात, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

धोक्याची पातळी आणि मधला फसवा काळ

रक्तातील बिलिरुबिन प्रति १०० मिलिलिटरमागे २५ ते ३० मिलिग्रॅमच्या घरात गेल्यास पूर्ण दिवसांच्या बाळालाही मेंदूच्या इजेचा धोका झपाट्याने वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळात याहून बऱ्याच कमी पातळीवर इजा संभवते. प्रथम बाळ मलूल होते, अंगावर ओढण्यास कंटाळते, अंग सैल पडते. पुढे ते तीव्र, किंचाळल्यासारखा आवाज काढून रडते आणि मान व पाठ धनुष्यासारखी मागे वाकवते. ताप व झटकेही येतात. पहिल्या अवस्थेत तातडीने उपचार मिळाल्यास इजा टळू शकते किंवा मर्यादित राहते. शेवटच्या अवस्थेत विलंब झाल्यास बाळ दगावते किंवा कायमचे अपंगत्व घेऊन वाचते.

वाचलेले बाळ त्यानंतरचे काही महिने केवळ थोडेसे सैल आणि मागे पडलेले दिसते. अनैच्छिक हालचाली बहुधा वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा स्पष्ट होतात. तोपर्यंत जन्माच्या आठवड्यातील कावीळ सर्वांच्या विस्मरणात गेलेली असते. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडल्यामुळे कुटुंब त्यांची सांगड घालू शकत नाही. कोणी त्यास बाहेरची बाधा म्हणतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो, तर कोणी मातेला दोष देतो. गावात असे मूल असूनही पुढच्या बाळंतिणीच्या बाळाची कावीळ कोणी गांभीर्याने पाहत नाही. या विकाराविषयी गावपातळीवर शिकवण्याजोगी सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही हरवलेली सांगड होय.

प्रकाशाचा उपचार

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ च्या उन्हाळ्यात एक लक्षणीय निरीक्षण झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षातील परिचारिका सिस्टर वॉर्ड बाळांना मोकळ्या हवेत आणि उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा जो भाग चादरीने झाकलेला राहिला होता, तेवढाच पिवळा राहिला आणि उरलेले अंग फिकट झाले, ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणून दिली. पुढे काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली असता तिच्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कमी भरले. या धाग्यावरून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशोपचाराचे उपकरण तयार केले आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘फोटोथेरपी’चा हा आरंभ होय.

निळसर प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलते. बदललेला रेणू पाण्यात विरघळू शकतो आणि यकृताच्या प्रक्रियेविना पित्त व लघवीवाटे बाहेर पडतो. उपकरणाच्या प्रकाशात बाळाचे डोळे झाकतात, अंग उघडे ठेवतात आणि स्तनपान चालू ठेवतात. पातळी अतिशय वाढलेली असल्यास बाळाचे रक्त टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी दात्याचे रक्त भरण्याची प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे बिलिरुबिन जवळपास निम्म्यावर आणता येते.

मग घरच्या अंगणातील ऊन पुरेसे का नाही, असा प्रश्न ग्रामस्थांकडून येणे स्वाभाविक आहे. उन्हात उपयुक्त प्रकाश असतो, परंतु त्याबरोबर उष्णता आणि अतिनील किरणेही असतात. उघड्या बाळास उन्हात तासन् तास ठेवता येत नाही, आणि अर्ध्या तासाच्या कोवळ्या उन्हाने तीव्र कावीळ उतरत नाही. नायजेरियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूर्यप्रकाश विशेष पडद्यांतून गाळून आणि बाळावर रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची सतत देखरेख ठेवूनच त्याचा उपयोग करण्यात आला होता. अंगणातील उन्हाच्या भरवशावर दोन दिवस दवडणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे होय.

तिसऱ्या दिवसाची भेट

सुखरूप प्रसूतीनंतर माता आणि बाळ पुष्कळदा एक-दोन दिवसांत घरी परततात. काविळीचा चढ मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो. याचा अर्थ असा की, रुग्णालयात प्रसूती होऊनही धोक्याचे दिवस बाळ घरीच काढते. या दिवसांत बाळाला पाहण्याची जबाबदारी प्रामुख्याने आशा कार्यकर्तीवर येते.

गावातील प्रशिक्षित स्त्री नवजाताची देखभाल परिणामकारक रीतीने करू शकते, हे महाराष्ट्रानेच सिद्ध करून दाखविले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत आरोग्यदूत महिलांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. पुढे २०११ मध्ये देशपातळीवर स्वीकारण्यात आलेल्या गृहस्तरीय नवजात बालसेवा कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही भेट द्यावयाची असते. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी काविळीच्या चढाच्या आरंभी आणि अखेरीस येतात. तिसऱ्या दिवसाची भेट चुकली, तर सातव्या दिवशी दिसणारी कावीळ कदाचित आपले काम करून गेलेली असते.

बाळाची पाहणी दिवसाच्या उजेडात करावी. कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलके दाबून बोट उचलताच त्वचेचा रंग पाहावा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांतील पांढरा भाग पाहावा. कावीळ चेहऱ्यापासून खाली उतरत जाते, हे क्रेमर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले आहे. ती तळहात व तळपाय यांच्यापर्यंत पोहोचल्यास पातळी बहुधा १५ मिलिग्रॅमपलीकडे गेलेली असते. डोळ्यांनी केलेला हा अंदाज ढोबळ असतो. त्यामुळे शंका येताच रक्ततपासणी आवश्यक ठरते.

पुढीलपैकी कोणतेही एक लक्षण दिसल्यास बाळास विनाविलंब रुग्णालयात न्यावे : जन्मापासून २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणे, दूध ओढण्याचे कमी होणे किंवा मलूलपणा, तीव्र आवाजातील रडणे, पाठ मागे वाकवणे, ताप किंवा झटके. कावीळ १४ दिवसांनंतरही टिकून असल्यास, शौचाचा रंग पांढुरका असल्यास किंवा लघवी गडद पिवळी होत असल्यास यकृत व पित्तमार्गाच्या विकाराची शंका घेऊन तपासणी करावी लागते.

आजारी अर्भकास शासकीय रुग्णालयात मोफत उपचार आणि मोफत वाहतूक देण्याची तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. लोणखेड्यासारख्या रस्त्यावरील गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणचा विशेष नवजात काळजी कक्ष वाहनाने गाठता येतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून हाच प्रवास कितीतरी कठीण असतो. पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या स्थलांतराच्या हंगामात ही अडचण आणखी वाढते. म्हणून प्रसूतीची अपेक्षित तारीख, जवळच्या वाहनाची सोय आणि स्थलांतर करणाऱ्या गर्भवतींची नावे यांची नोंद ग्रामपंचायतीने आशा व अंगणवाडी सेविका यांच्या साह्याने आधीच करून ठेवणे श्रेयस्कर ठरेल. गर्भवतीचा रक्तगट माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदलेला आहे किंवा नाही, हेही पाहावे. आरएच-निगेटिव्ह मातेस प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन मिळाल्यास पुढील अपत्यास संरक्षण मिळते.

शाळेत येणारे मूल

ज्यांना हा विकार जडला आहे त्यांचे काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मेंदूतील इजा भरून काढणारा उपचार उपलब्ध नाही. परंतु भौतिकोपचार, स्नायूंचा ताण कमी करणारी औषधे, योग्य आसन, श्रवणयंत्र वा कॉक्लिअर इम्प्लांट आणि संवादाची साधने यांनी मुलाच्या जीवनात मोठा फरक पडतो. येथे शिक्षकांनी एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात घ्यावी. विचार करणाऱ्या मेंदूच्या बाह्य भागाला या विकारात तुलनेने कमी झळ पोहोचते. त्यामुळे अशा पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते. तोंड वेडेवाकडे होते, बोलणे अस्पष्ट असते, हाक मारल्यास उत्तर येत नाही, यावरून मूल मतिमंद असल्याचा निष्कर्ष काढला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. उत्तर न देणारे मूल कदाचित ऐकूच शकत नसते, किंवा त्याला उत्तर माहीत असूनही जीभ साथ देत नसते.

अशा मुलाची श्रवणचाचणी प्रथम करून घ्यावी. त्यास नजर वर नेणे कठीण असल्याने उंच फळ्यावर लिहिलेले त्याला नीट दिसत नाही. मजकूर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याखाली ठेवावा. पाय जमिनीला टेकतील आणि पाठीला आधार मिळेल असे आसन द्यावे. उत्तरासाठी अधिक वेळ द्यावा. चित्रांचा किंवा अक्षरांचा तक्ता पुढे ठेवून नजरेने वा हाताच्या खुणेने उत्तर देऊ द्यावे. घाई केल्यास आणि रागावल्यास हालचाली वाढतात, हे वर्गातील इतर मुलांनाही समजावून सांगावे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणाची वाटही महाराष्ट्रातच प्रथम रुंद झाली. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना केली. त्या संस्थेच्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी उच्च शिक्षण घेतले आणि बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. शरीर साथ देत नसताना बुद्धी किती दूर जाऊ शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

हक्क आणि योजना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीस वार्षिक १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. एक आधाराची खुर्ची, शाळेच्या दारातील उतार किंवा तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा प्रवासखर्च यांसाठी या निधीचा विचार ग्रामसभेत होऊ शकतो.

या विकाराचे प्रमाण विरळ असले तरी एका मुलाच्या वाट्यास आलेले अपंगत्व त्या घरासाठी पूर्णच असते. त्याला टाळण्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत. दिवसाच्या उजेडात पाहणारी डोळस नजर, वेळेवर मिळणारे वाहन, निळ्या प्रकाशाचा दिवा आणि तिसऱ्या दिवशी दारात येणारी आशा ही ती साधने होत. गावात प्रत्येक बाळाच्या जन्माची वार्ता पंचायतीला कळते. त्या वार्तेसोबत, तिसऱ्या दिवशी बाळ पाहिले काय, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय गावाने लावून घेतली, तर पुष्कळ कुटुंबांवरील संकट दारातूनच परत जाईल.